मजकुराचे घर स्वतः बांधताना

गेल्या वर्षी आम्ही चार-पाच जणांनी एका वाङ्मयीन नियतकालिकाचे जुने अंक सूचीबद्ध करायला घेतले. कपाटातले सर्वात जुने गठ्ठे सोडले, तेव्हा कागद पिवळा पडलेला होता, कडा कसरीने खाल्लेल्या होत्या. पण ओळ न् ओळ वाचता आली. अडचण आली ती अलीकडच्या अंकांपाशी. सीडीवर पेजमेकरच्या फायली होत्या. त्या मोठ्या मिनतवारीने उघडल्या, तर पडद्यावर कवितांच्या जागी रोमन अक्षरे, टिंबे आणि कंस यांची खिचडी दिसू लागली. त्याहून अलीकडचे अंक एका संकेतस्थळावर होते. ते ज्यांनी बांधून दिले होते त्यांची वार्षिक वर्गणी एका वर्षी थकली आणि स्थळ बंद झाले. मजकूर तरी परत द्या म्हटल्यावर उत्तर आले, की आमच्या प्रणालीत मजकूर बाहेर काढण्याची सोय नाही. म्हणजे जितका अंक नवा, तितका तो हाती लागणे कठीण.

१९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि या परंपरेची सुरुवात झाली. बरोबर शंभर वर्षांनी, २००९ साली, याहू कंपनीने जिओसिटीज ही आपली सेवा बंद केली आणि सामान्य माणसांनी हौसेने उभारलेली लक्षावधी पाने एका दिवशी दिसेनाशी झाली. काही स्वयंसेवकांनी आधी धावपळ करून त्यांतली बरीचशी उतरवून घेतली, म्हणून तेवढी वाचली. छापील अंक सांभाळायला कोरडे कपाट पुरते. डिजिटल अंक मात्र कुणाच्या तरी प्रणालीत राहतो, आणि ती प्रणाली कशी बांधली आहे यावर त्याचे आयुष्य ठरते. या प्रणालीला ‘कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम’, थोडक्यात सीएमएस म्हणतात. ती स्वतः बांधता येते का, आणि बांधावी का, याचा हा शोध आहे.

सीएमएस म्हणजे काय

जुन्या छापखान्यात काम वाटलेले असे. लेखक हस्तलिखित देई, जुळारी खिळे जुळवी, मुद्रितशोधक प्रुफे तपासी, संपादक छापायला संमती देई, आणि मग फर्मा यंत्रावर चढे. सीएमएस ही हीच साखळी संगणकावर आणते. तिचे चार भाग असतात. पहिला, मजकूर साठवण्याची जागा. दुसरा, संपादकाने मजकूर भरायचा आणि दुरुस्त करायचा पडदा. तिसरा, कोणी काय करायचे याचे नियम: लेखकाने मसुदा ठेवायचा, शोधकाने तपासायचा, प्रसिद्ध मात्र संपादकानेच करायचा. चौथा, साठवलेला मजकूर वाचकापुढे मांडणारा साचा.

यांतले कळीचे तत्त्व असे, की पहिला आणि चौथा भाग एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. लेखाचे शीर्षक हे शीर्षक आहे ही गोष्ट साठवायची. ते चोवीस पॉइंटात, ठळक, मधोमध दिसावे ही गोष्ट साच्यात लिहायची. हा विचार इंटरनेटपेक्षा जुना आहे. आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६९ च्या सुमारास कायदेविषयक दस्तऐवजांसाठी अशी खूणपद्धती तयार केली. तिच्यातून १९८६ साली एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आले, आणि वेबची पाने ज्या एचटीएमएलमध्ये लिहिली जातात ती भाषा त्याच कुळातली. आमच्या सीडीवरच्या फायलींत हे तत्त्व पाळलेले नव्हते. तिथे ‘कविता’ असे काही नव्हतेच. होती फक्त अमुक फाँटातली, अमुक जागी बसवलेली अक्षरे.

आता ‘डेव्हलपर-फ्रेंडली’ या विशेषणाकडे वळू. याचे मराठी ‘विकासकस्नेही’ असे करावे, तर आपल्याकडे विकासक म्हटले की बिल्डर डोळ्यांपुढे येतो आणि त्याच्याशी स्नेह करायला कोणी धजत नाही. म्हणून ‘प्रोग्रामरस्नेही’ म्हणतो. साहित्याच्या वाचकाला प्रश्न पडेल, की प्रोग्रामरच्या सोयीशी आपला काय संबंध? संबंध असा, की दहा वर्षांनी हा मजकूर नव्या घरी हलवायची वेळ येईल, तेव्हा तो हलवणारा माणूस प्रोग्रामरच असेल, आणि तो मूळ बांधणारा नसेल. त्याला प्रणाली समजली, तर मजकूर वाचेल.

लॉरेन्सचे वर्तमानपत्र

याचे एक उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात आहे. लॉरेन्स हे विद्यापीठाचे छोटे गाव. वस्ती लाखाच्या आत. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वर्तमानपत्राच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन हे दोन तरुण काम करत होते. विलिसन इंग्लंडमधून आलेला, अजून विद्यार्थीच होता. वर्तमानपत्राच्या बातम्या, विद्यापीठाच्या संघांचे खेळ, गावातले गाण्याचे कार्यक्रम अशी वेगवेगळी स्थळे त्यांना सांभाळावी लागत. बातमीदारीचा धंदा असा, की नवी सोय मागितली जाते आज आणि हवी असते उद्या. कधीकधी काही तासांतच.

आधी ते पीएचपी या भाषेत काम करत. पाने वाढली तशी एकाच गोष्टीची दुरुस्ती दहा ठिकाणी करण्याची पाळी येऊ लागली. म्हणून त्यांनी पायथॉन भाषा घेतली आणि प्रत्येक नव्या कामातून पुन:पुन्हा लागणारा भाग वेगळा काढत गेले. त्यातून जी चौकट तयार झाली तिला त्यांनी जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाचे नाव दिले. आगीत भाजल्याने त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर त्याने आपली वादनशैली उभी केली होती. होलोव्हाटी स्वतः त्याच शैलीत गिटार वाजवतो.

जँगोतली सर्वात उपयोगाची युक्ती सांगण्यासारखी आहे. प्रोग्रामरने एकदाच, साध्या मजकुरात, वस्तूंचे वर्णन लिहायचे: ‘कार्यक्रम’ या वस्तूला नाव असते, तारीख असते, जागा असते, ‘जागा’ या वस्तूला पत्ता असतो. एवढे वर्णन वाचून यंत्र दोन कामे स्वतः करते. साठवणीतले तक्ते तयार करते आणि संपादकासाठी भरायचे अर्जही तयार करते. म्हणजे नवी गोष्ट नोंदवायची ठरली, की प्रोग्रामरचे काम थोडक्यात आटोपते आणि वार्ताहर त्याच दिवशी माहिती भरू लागतो. प्रोग्रामरची सोय आणि संपादकाची सोय एकमेकींच्या आड येतात असा समज आहे. लॉरेन्समध्ये एकीतून दुसरी निघाली.

जुलै २००५ मध्ये वर्तमानपत्राच्या मालकांनी जँगो खुला केला. कोणीही वापरावा, बदलावा. मात्र त्याआधी त्यांनी एक वाटणी केली होती. कोणत्याही स्थळाला लागेल तो भाग जँगोत, आणि वर्तमानपत्रालाच लागेल तो भाग ‘एलिंग्टन’ या वेगळ्या, विकत मिळणाऱ्या सीएमएसमध्ये. २००८ साली जँगोची देखभाल करणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २०१६ साली खुद्द वर्तमानपत्र दुसऱ्या कंपनीला विकले गेले. जँगोच्या कामावर त्याचा परिणाम झाला नाही, कारण तोवर तो एका कार्यालयाचा राहिलाच नव्हता. इन्स्टाग्रामसारखी प्रचंड सेवाही त्यावर उभी राहिली.

होलोव्हाटीने २००६ साली एका निबंधात मांडलेला मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. वार्ताहर आगीची बातमी लिहितो तेव्हा त्याच्याकडे जागा, वेळ, बंब यायला लागलेली मिनिटे अशी नेमकी माहिती असते. वर्तमानपत्र ती सगळी एका सलग मजकुरात कालवून टाकते आणि मग ती वेगळी काढता येत नाही. ती सुटी साठवली, तर वर्षाअखेरीस गावातल्या सगळ्या आगींचा ताळा मांडता येईल. या विचारातून स्फूर्ती घेऊन फ्लोरिडातल्या ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’मध्ये मॅट वेट या पत्रकाराने जँगोवर ‘पॉलिटिफॅक्ट’ची बांधणी केली. राजकारण्यांचे प्रत्येक विधान, ते करणारा, आणि ते किती खरे याचा निकाल असे तीन दुवे त्यात जोडले होते. २००७ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाला २००९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आपला साचा वेगळा का

तयार प्रणाली वाईट असतात असे नाही. २००३ साली मिशेल व्हॅल्ड्रिगीच्या ‘बी-टू’ या प्रणालीतून फुटून निघालेल्या वर्डप्रेसवर आज जगातली सुमारे चाळीस टक्के संकेतस्थळे चालतात. ती फुकट आहे, खुली आहे, तिच्यातून मजकूर बाहेरही काढता येतो. पुष्कळांना तेवढे पुरते. पण प्रत्येक तयार प्रणालीच्या पोटात मजकुराविषयीचे एक गृहीत असते. वर्डप्रेसचे मूळ गृहीत असे: एक लेखक, एक तारीख, आणि नवे ते वर.

दिवाळी अंकाला हे लावून पाहा. अंकाची तारीख ‘दिवाळी १९८७’ अशी असते. प्रणाली दिवस-महिना मागते, म्हणून आपण एक खोटी तारीख टाकतो. आणि वीस वर्षांनी कुणी अभ्यासक तीच खरी धरून चालतो. अंकातल्या लेखांचा क्रम अनुक्रमणिकेने ठरतो, वेळेने नाही. मग लेखकाचे पाहा. राम गणेश गडकरी नाटकांवर स्वतःचे नाव घालत, कवितेखाली ‘गोविंदाग्रज’ आणि विनोदी लेखांवर ‘बाळकराम’. ‘लेखक’ हा एकच रकाना असेल, तर ही तीन माणसे होतात. सगळीकडे गडकरी लिहावे, तर छापील अंकावर जे होते ते पुसले जाते. खानोलकर आणि आरती प्रभू, शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, सगळीकडे हाच पेच.

आमच्या प्रणालीत आम्ही ‘व्यक्ती’ आणि ‘नाममुद्रा’ अशा दोन वेगळ्या वस्तू केल्या. लेख जोडायचा तो नाममुद्रेला. नाममुद्रा जोडायची व्यक्तीला. छापलेले नाव जसेच्या तसे राहते आणि व्यक्तीवर बोट ठेवले की तिचे सगळे लेखन एकत्र येते. खरे नाव अजून उलगडले नसेल, तर तो दुवा रिकामा ठेवता येतो. अनुवादाला मूळ लेखक आणि अनुवादक, मुलाखतीला घेणारा आणि देणारा, मुखपृष्ठाला चित्रकार: या भूमिकाही वेगळ्या नोंदवल्या. हे सारे ठरवायला आम्हाला दोन महिने लागले आणि त्या काळात प्रोग्रामची एक ओळही लिहिली गेली नाही. समोर जुने अंक ठेवून फक्त प्रश्न विचारत होतो. पुरवणी हा अंकाचा भाग की स्वतंत्र अंक? पुनर्मुद्रित कथा नवी नोंद की जुनीच? सीएमएस बांधण्यातले अर्धे काम असे संपादकीयच असते, आणि ते प्रोग्रामरवर ढकलता येत नाही.

अक्षरांचा घोळ

मराठीच्या वाट्याला आणखी एक काम येते. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही त्याच वर्षी देवनागरी आली. पण छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वापरायची सोय नव्हती. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी पळवाट काढली: रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. छापील पानावर ‘क’ उमटे, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असे. प्रत्येक फाँटवाल्याची मांडणी निराळी. छापखान्यात केसमधली खिळ्यांची घरे ठरलेली असतात; इथे प्रत्येकाने आपली केस आपल्या मर्जीने लावली होती. फाँट हरवला की मजकूर हरवला. आमच्या सीडीचे दुखणे तेच होते. प्रत्येक फाँटसाठी कोणत्या घरात कोणता तुकडा याचा तक्ता करून, छापील प्रतीशी ताडून, ते अंक युनिकोडमध्ये आणावे लागले.

युनिकोडमध्ये आल्यावरही सगळे सुरळीत होत नाही. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र घर मिळाले ते २००८ साली; त्याआधीच्या मजकुरात ‘अ’ वर चंद्र देऊन ते साधलेले असते. परिणामी वाचक एक शब्द शोधतो आणि अर्धे लेख सापडतच नाहीत, तेही कोणतीही चूक न दाखवता. युनिकोडची स्वतःची सामान्यीकरणाची रीत या जोड्या एक मानत नाही. म्हणून मजकूर आत घेतानाच त्याला एका रूपात आणणारी गाळणी आपली आपण लिहावी लागते. परक्या भाषेत घडलेल्या तयार प्रणालीला हे सुचण्याचे कारण नाही. स्वतःच्या प्रणालीत मात्र ते काम वीस-पंचवीस ओळींत होते.

पाठभेदांची वही

साठवण कशी करावी याला दोन वाटा आहेत. एक जँगोसारखी, डेटाबेसची. दुसरी त्याहून साधी: प्रत्येक लेख ही एक साधी मजकूर-फाइल, वर चार ओळींत शीर्षक, नाममुद्रा, अंक, पान, खाली मजकूर. तिरपा ठसा किंवा उपशीर्षक दाखवायला जॉन ग्रूबरने २००४ साली मांडलेल्या मार्कडाउन पद्धतीच्या खुणा. अशा फायलींच्या गठ्ठ्यातून सबंध संकेतस्थळ तयार करणारी साधने आहेत; टॉम प्रेस्टन-वर्नरने २००८ साली काढलेले जेकिल त्यांतले गाजलेले. यात वाचकाला मिळतात ती आधीच तयार करून ठेवलेली पाने. आत शिरायला दारच नसल्याने चोरीची भीती कमी आणि खर्चही नगण्य. आम्ही हीच वाट धरली.

या फायलींवर आम्ही ‘गिट’ चालवतो. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेले हे साधन प्रत्येक बदलाची नोंद ठेवते: कोणी, कधी, कोणती ओळ बदलली आणि का. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा प्रत्येक पानाखाली पाठभेद नोंदवले, जेणेकरून संपादकाचा निर्णय पुढच्या अभ्यासकाला तपासता यावा. गिट तेच काम आपल्या वेलांट्या-उकारांच्या पातळीवर करते. आमच्या एका सहकाऱ्याने जुन्या कवितेतला जुन्या लेखनपद्धतीचा अनुस्वार ‘चूक’ समजून सगळीकडे काढून टाकला होता. नोंद होती म्हणून तो अर्ध्या तासात परत आला.

बांधावे की नाही

स्वतः बांधण्यातला पहिला धोका हौसेचा आहे. सगळेच स्वतः लिहायचा मोह होतो. घर आपण बांधतो, विटा आपण भाजत नाही. सांकेतिक शब्द जपणे, प्रवेश देणे, डेटाबेसशी बोलणे ही कामे तयार आणि खुल्या साधनांवरच सोपवावीत. तिथे हौशी माणसाची चूक महागात पडते. आपले म्हणून लिहायचे ते फक्त आपल्या मजकुराचे वर्णन, गाळणी आणि साचे.

दुसरा धोका एकट्या माणसाचा. बांधणारा नोकरी बदलतो, परगावी जातो, आणि प्रणाली अनाथ होते. मग ज्या परावलंबनातून सुटायला हे केले, तेच पुन्हा गळ्यात पडते. फरक इतकाच, की कंपनीच्या जागी आपला मित्र येतो. यावर उपाय म्हणून आम्ही काही नियम केले. सगळी प्रणाली कोणाच्याही साध्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही, चालली पाहिजे. ती कशी चालवायची हे मराठीत दोन पानांत लिहिलेले असले पाहिजे. फाँट, गाळणी, क्रम यांच्या चाचण्या यंत्राने स्वतः केल्या पाहिजेत, म्हणजे नवा माणूस काही मोडले तर लगेच कळेल. आणि सगळ्या मजकुराच्या तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या गावी.

शेवटचा नियम परीक्षेचा. वर्षातून एकदा आम्ही संकेतस्थळ नाही असे समजतो. बांधणाऱ्याला बाजूला बसवतो आणि ज्याने प्रणाली पाहिलेली नाही अशा माणसाच्या हाती प्रत आणि ती दोन पाने देतो. त्याने संध्याकाळपर्यंत अंक पुन्हा उभा करायचा. पहिल्या वर्षी तो उभा राहिला नाही; दोन पानांत एक पायरी लिहायचीच राहिली होती. ती लिहिली. यंदा एका महाविद्यालयीन मुलीने दुपारच्या चहाआधी काम संपवले, आणि संपवल्यावर ती उठली नाही. पडद्यावरची एक जुनी कथा वाचत बसली. ज्या अंकातली ती कथा होती, त्या अंकाची सीडी आम्ही पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्यावर नुसती टिंबे आणि कंस दिसत होते.